ताडोबाचा खर्च मांडताना या चुका टाळा

ताडोबाला निघालेले ओळखीचे लोक खर्चाचा कागद दाखवायला येतात, तेव्हा पहिल्या ओळीत बहुतेक वेळा रिसॉर्टचं नाव असतं. सफारी कुठेतरी तळाशी, 'जिप्सी – तिथे गेल्यावर बघू' अशी. हे म्हणजे आधी कळस मग पाया. राहायला खोली कुठे ना कुठे मिळतेच. जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, मात्र प्रत्येक गेटमधून रोज मोजक्याच आत सोडतात. जे मोजकं आहे ते आधी हातात घ्यायचं, एवढंच पटवायला मला दर उन्हाळ्यात तेच तेच बोलावं लागतं.

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाचं सांगते. नवरा-बायको, शाळेतली दोन मुलं आणि आजी. मे महिन्यात मोहर्लीजवळचं पोहण्याच्या तलावाचं रिसॉर्ट सवलतीत मिळालं, म्हणून शनिवार ते मंगळवारचे सगळे पैसे भरून मोकळे झाले. रद्द केलं तर परत काही नाही, या अटीवर. मग सफारी शोधायला बसले, तर त्या तारखांना मोहर्ली गेट भरलेलं, खुटवंडाही भरलेलं. रविवार सकाळची जागा मिळाली ती कोलारा गेटची. नकाशात दोन्ही गेटं एकाच जंगलाची दिसतात, त्यामुळे त्यांना वाटलं जवळच असेल. पण पर्यटकांना जंगलातून आरपार जाता येत नाही. बाहेरून चिमूरच्या बाजूने मोठा वळसा पडतो. पहाटे तीनला टॅक्सी, रात्रीचा जादा आकार, गेटवर थांबण्याचे वेगळे पैसे. आजींनी खोलीतच राहायचं ठरवलं, म्हणजे जिप्सीतली त्यांची जागा रिकामी गेली. रिसॉर्टचा फुकटचा नाश्ता आठला सुरू व्हायचा. तेव्हा ही मंडळी जंगलात बिस्किटं खात होती. आणि दुसरी सफारी मंगळवारी करू म्हणून ठेवलेली. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, दर मंगळवारी बंद असतं! सवलतीत वाचले त्याहून जास्त पैसे टॅक्सीत गेले, आणि कोअरची एकच फेरी पदरात पडली.

मी कागदावर नेहमी याच क्रमाने लिहिते: तारीख, गेट, सफारी, मग रेल्वे, आणि खोली सगळ्यात शेवटी. खोली त्याच गेटच्या गावात, साधी चालेल. पंखा-कूलर आणि स्वच्छ न्हाणीघर असलं की पुरे, कारण पहाटे बाहेर पडायचं आणि दुपारी पुन्हा निघायचं. तलावात डुंबायला वेळ उरत असेल तर सफारी कमी घेतल्यात असं समजा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नागपूरच्या गाड्या सुट्टीत लगेच भरतात, तेव्हा तो दिवस कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

दुसरी चूक माणशी हिशेब करण्याची. भाडं गाडीचं असतं, डोक्यांचं नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. समजा प्रवेश, गाडी आणि गाइड मिळून एका फेरीचे ९,००० झाले (दर बदलत राहतात, वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या), तर सहा जणांना माणशी १,५०० आणि तिघांना ३,००० पडतात. म्हणून तीन फेऱ्या करायच्या असतील तर खर्च कमी करण्याचा खरा मार्ग म्हणजे आणखी तिघं जोडीदार शोधणं. शनिवार-रविवारचे दरही जास्त असतात. रजा टाकून बुधवार-गुरुवार गाठलात तर मोठी बचत होते.

एकच सफारी करून वाघ दिसला नाही म्हणून चिडणारे लोक मला अजिबात समजत नाहीत. पुण्याहून नागपूर सातशे किलोमीटर, तिथून पुढे मोहर्लीपर्यंत तीन तास, आणि इतकं करून जंगलात एक सकाळ? दोन कोअर आणि एक बफर (कोअरच्या भोवतीचा जंगलपट्टा), याखाली मी कुणाला जाऊ देत नाही. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबा, पण एका फेरीसाठी जाऊ नका. बफरला दुय्यम समजू नका. आगरझरी, देवाडा, मदनापूर या गेटांतूनही वाघ दिसतात आणि सकाळ छान जाते. शिवाय रानकुत्री, अस्वल, गवे, ताडोबा तलावातल्या मगरी हेही याच पैशांत आहे.

याच उतावळेपणातून पुढचा प्रकार घडतो: गाइडच्या हातात पाचशेची नोट ठेवून 'जरा जवळ घ्या' म्हणायचं. नियम मोडला तर काम त्याचं आणि चालकाचं बंद होतं, तुम्ही मात्र घरी परतलेले असता. ही माणसं तिथल्याच गावांतली आहेत. बक्षिशी द्या, जरूर द्या, पण सफारी संपल्यावर, आणि वाघ दिसला नाही म्हणून हात आखडता घेऊ नका. ती रक्कम मी निघतानाच वेगळ्या पाकिटात सुट्ट्या नोटांत ठेवते, कारण गावात नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

'सफारीसह पॅकेज' घेताना कोणतं गेट, कोअर की बफर, सकाळ की दुपार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. तोंडी कोअर सांगून बफरची पावती हातात ठेवलेली मी पाहिली आहे.

बुकिंगमधलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. मूळ ओळखपत्र सोबत हवं.

कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोटो हवे असतील तर कॅमेऱ्याची सोय आधी करा. मोठ्या लेन्सला वेगळं शुल्क लागतं, तेही हिशेबात धरा.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं. या काळात स्वस्त खोलीची जाहिरात दिसली तर आधी विचारा की जवळचं कोणतं बफर गेट चालू आहे आणि पावसाने रस्ता बंद झाला तर सफारीचे पैसे परत मिळतात का.