आयकॅरस व्हेरिलॉग: विंडोजवर मूळ कोडपासून

आयकॅरस व्हेरिलॉग हा सिम्युलेटर: व्हेरिलॉग या हार्डवेअर वर्णनाच्या भाषेत लिहिलेलं सर्किट तो संगणकावर चालवून दाखवतो. तो नुसता वापरायचा असेल तर ते मूळ कोडपासून कंपाइल करायची काहीही गरज नाही, हे आधीच सांगून टाकते. पाब्लो ब्लेयर यांचा तयार विंडोज इन्स्टॉलर मिळतो. नेक्स्ट-नेक्स्ट दाबलं की सिम्युलेटर हजर. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मी तोच देते. काउंटर आणि मल्टिप्लेक्सरच्या प्रॅक्टिकलला त्याहून जास्त काही लागत नाही. ॲनालॉग भागही करायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम घ्या, त्यात एनजीस्पाइस, केआयकॅड, जीएचडीएल अशी सर्किटची बरीच टूल्स एकत्र जोडलेली आहेत.

कंपाइल करायची वेळ येते ती वेगळ्या कारणांनी. आमच्या लॅबमधल्या इन्स्टॉलरच्या नावातच २०२२०६११ हा आकडा आहे, म्हणजे तो जून २०२२ च्या कोडचा. त्यानंतर मूळ कोडमध्ये आलेल्या सुधारणा हव्या असतील तर तो उपयोगाचा नाही. दुसरं कारण व्हीपीआय, म्हणजे सी आणि व्हेरिलॉग जोडून देणारी सोय. सी मध्ये लिहिलेलं आपलं फंक्शन व्हेरिलॉगमधून डॉलरचं चिन्ह लावून बोलवायचं असेल, तर सिम्युलेटर आणि मॉड्यूल एकाच कंपायलरने बांधलेले बरे. आणि तिसरं, शेवटच्या वर्षाच्या पोरांनी आपण रोज वापरतो त्या टूलच्या पोटात काय आहे ते एकदा तरी बघावं असं मला वाटतं. स्टीफन विल्यम्स यांनी सुरू केलेला हा प्रकल्प जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, तेव्हा उघडून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, प्राध्यापक नाही. त्यामुळे थिअरी कमी सांगेन आणि कुठे अडतं ते जास्त. कमांड इथे लॅबमध्ये मोठ्याने सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि लहान अक्षरांत. जिथे कॅपिटल हवं तिथे मी 'मोठा' म्हणेन.

आधी जागा ठरवा

आयकॅरसचा कोड विंडोजवर क्वचितच नखरे करतो. अडतं ते फोल्डरच्या नावांवर. विंडोजचा युजर 'श्री गणेश' असा दोन शब्दांत असेल तर एमसिस२ (विंडोजवर लिनक्ससारखी कमांडची खिडकी आणि टूल्स देणारा संच, तो पुढे टाकायचा आहे) त्याचं होम फोल्डरही त्याच नावाने करतं, मधल्या मोकळ्या जागेसकट. मेक (कोड बांधून देणारं टूल) त्या जागेवर पत्त्याचे दोन तुकडे करतं आणि मग 'अशी फाइल नाही' म्हणून ओरडतं. युजरचं नाव देवनागरीत असेल तर विचारूच नका. म्हणून होममध्ये काम करायचंच नाही. सी ड्राइव्हवर थेट 'काम' नावाचं फोल्डर करा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, एका शब्दात. डेस्कटॉप नको, वनड्राइव्ह नको, नेटवर्क ड्राइव्ह तर नकोच.

त्याच फोल्डरला डिफेंडरच्या स्कॅनमधून वगळून ठेवा. कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट शेकडो छोट्या फाइली बनवते, चालवते आणि पुसते. आधीच विंडोजवर नवीन प्रोसेस काढणं लिनक्सपेक्षा महाग, त्यात प्रत्येक फाइल अँटिव्हायरस तपासत बसला तर लॅबचा तास तिथेच संपतो.

एमसिस२ आणि खिडकीचा रंग

एमसिस२ चा इन्स्टॉलर उतरवा आणि तो सुचवतो तीच जागा ठेवा: सी ड्राइव्हवर एमसिस६४. स्टार्ट मेनूत आता एकसारखी दिसणारी बरीच नावं येतील: एमसिस, मिंगडब्ल्यू६४, यूसीआरटी६४, क्लँग६४. आपल्याला हवं आहे यूसीआरटी६४. २०२२ पासून एमसिस२ वालेच ते आधी सुचवतात, कारण त्यातून बनलेला प्रोग्रॅम विंडोज १० सोबत येणाऱ्या नव्या सी रनटाइमवर चालतो.

चुकीची खिडकी उघडली तरी लगेच काही बिघडत नाही, हीच पंचाईत आहे. जांभळ्या चिन्हाच्या एमसिस खिडकीतही जीसीसी हा कंपायलर असू शकतो, कंपाइलही नीट होतं. पण तयार झालेली फाइल एमसिस-२.० नावाच्या डीएलएलशिवाय (प्रोग्रॅमला चालताना लागणाऱ्या जोडफाइलशिवाय) हलत नाही आणि साध्या विंडोजवर रुसते. म्हणून कंपायलर टाकून झाला की 'विच जीसीसी' विचारायचं. उत्तर स्लॅश यूसीआरटी६४ स्लॅश बिन पासून सुरू झालं पाहिजे. स्लॅश यूएसआर आलं तर खिडकी बंद करा आणि योग्य ती उघडा.

आता सामान. ते आणून देतो पॅकमॅन, एमसिस२ चा पॅकेज मॅनेजर. पहिल्यांदा सगळं ताजं करून घ्यायचं:

पॅकमॅन, जागा, हायफन, मोठा एस, वाय, यू.

मध्येच तो खिडकी बंद करायची परवानगी मागेल. देऊन टाका, पुन्हा उघडा, तीच कमांड पुन्हा द्या. मग:

पॅकमॅन, जागा, हायफन, मोठा एस, आणि पुढे एकेक जागा सोडून ही नावं: गिट, बेस-डेव्हेल, ऑटोटूल्स, बायसन, फ्लेक्स, जीपर्फ.

कंपायलरही याच कमांडने टाकायचा, त्याचं नाव लांबलचक आहे: मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी. यातलं 'यूसीआरटी' गाळलं तर दुसऱ्याच वातावरणाचं जीसीसी येऊन बसतं, तेव्हा ही ओळ टाइप करताना गप्पा नकोत. बायसन आणि फ्लेक्स लागतात कारण व्हेरिलॉगचं व्याकरण त्यांच्या भाषेत लिहिलेलं आहे. जीपर्फ कीवर्डची यादी झटपट शोधता येईल अशा तक्त्यात बदलतो.

कोड आणणं

'सीडी स्लॅश सी स्लॅश काम' करून तिथे जा. एमसिस२ मध्ये सी ड्राइव्ह असा लिहितात, कोलन न लावता. मग गिट क्लोन, आणि पुढे गिटहबवरच्या स्टीव्हआयकॅरस या खात्यातल्या आयव्हेरिलॉगचा पत्ता.

क्लोन याच खिडकीतल्या गिटने करा. विंडोजसाठीचं वेगळं गिट बहुतेकांकडे आधीच असतं, आणि ते साधारणपणे ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे करून ठेवतं. मग शेल स्क्रिप्ट चालवल्यावर 'बॅकस्लॅश आर: कमांड नॉट फाउंड' असा गूढ निरोप येतो. पोरं स्क्रिप्ट उघडून बघतात, स्क्रिप्ट अगदी बरोबर दिसते, कारण तो जादा आर डोळ्यांना दिसतच नाही. असं झालंच तर फोल्डर पुसून इथल्या गिटने नव्याने क्लोन करा. एकेक फाइल दुरुस्त करत बसू नका.

बांधणं

आयव्हेरिलॉगच्या फोल्डरमध्ये शिरा. गिटवरून आणलेल्या कोडमध्ये कॉन्फिगर नावाची फाइल नसते, ती बनवावी लागते:

एसएच, जागा, ऑटोकॉन्फ डॉट एसएच.

जीपर्फ टाकायचा राहिला असेल तर तो इथेच कळतो. मग:

डॉट स्लॅश कॉन्फिगर, जागा, दोन हायफन, प्रिफिक्स, बरोबरचं चिन्ह, स्लॅश सी स्लॅश आयकॅरस.

ओळींमागून ओळी धावतील, काहींच्या शेवटी 'नो' असेल. त्या प्रत्येक नो ला घाबरायचं नाही. स्क्रिप्ट नुसती चौकशी करत असते, एखादी ऐच्छिक गोष्ट नसली तरी पुढे जाते. खरी अडचण आली तर ती 'एरर' म्हणून थांबते. तेव्हा पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर विसंबू नका. कॉन्फिग डॉट लॉग उघडा आणि खालून वर वाचत या. नेमकी कोणती चाचणी कंपाइल झाली नाही आणि जीसीसी काय म्हणालं, ते तिथे शब्दशः असतं.

त्यानंतर 'मेक, जागा, हायफन जे ४'. चार कामं एकाच वेळी. मशीनमध्ये चारच जीबी रॅम असेल तर जे २ करा. बायसनने बनवलेली व्याकरणाची फाइल प्रचंड असते आणि ती कंपाइल होताना जुनी मशीनं गुदमरतात. पिवळ्या-जांभळ्या रंगात वॉर्निंग येतील, येऊ देत. एररने थांबलं तर 'जे' काढून नुसतं मेक द्या. चार कामांचे निरोप एकमेकांत मिसळलेले असतात, एकट्याने चालवलं की कोण मेलं ते स्पष्ट दिसतं.

'मेक चेक' विसरू नका. ते ताज्या बांधलेल्या कंपायलरने एक छोटा व्हेरिलॉग प्रोग्रॅम चालवून 'हॅलो, वर्ल्ड' छापून दाखवतं. छापलं की 'मेक इन्स्टॉल'.

ज्यांना हे सगळं हाताने नको असेल त्यांच्यासाठी कोडमध्येच एमसिस२ नावाचं फोल्डर आहे. त्यात जाऊन 'मेकपीकेजी-मिंगडब्ल्यू, हायफन आय एस' दिलं की तो लागणारं सामान आणून, बांधून, पॅकेज बसवूनही देतो. ते छान चालतं, पण पहिल्या वेळी मी पोरांना तो रस्ता दाखवत नाही. काही अडलं तर नेमकं कोणत्या पायरीवर अडलं हे त्यांना सांगता येत नाही.

खिडकीच्या बाहेर

यूसीआरटी६४ मध्ये सगळं चालतं आणि साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालत नाही, ही तक्रार ठरलेली. कारण डीएलएल. सिम्युलेशन प्रत्यक्ष चालवतो तो व्हीव्हीपी. त्याला कोणत्या लागतात ते विचारून घ्या:

एलडीडी, जागा, स्लॅश सी स्लॅश आयकॅरस स्लॅश बिन स्लॅश व्हीव्हीपी डॉट ईएक्सई, जागा, पाइप, जागा, ग्रेप, जागा, यूसीआरटी६४.

यादीत लिबजीसीसी, लिबएसटीडीसी++ आणि लिबविनपीथ्रेड ही मंडळी बहुधा असतात, कधी आणखी एखादी. ज्या दिसतील त्या एमसिस६४ मधल्या यूसीआरटी६४ च्या बिनमधून सी ड्राइव्हवरच्या आयकॅरसच्या बिनमध्ये कॉपी करा.

इथे आणखी एक गोम आहे. आयव्हेरिलॉग डॉट ईएक्सई हा नुसता मुकादम. खरं भाषांतर करणारा आयव्हीएल डॉट ईएक्सई बिनमध्ये नसतोच, तो लिब फोल्डरमधल्या आयव्हीएलमध्ये असतो. विंडोज डीएलएल शोधताना आधी त्या ईएक्सईच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं, बिन पाथमध्ये (विंडोज जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) असेल तरच तिथे पोचतं. म्हणून 'आयव्हेरिलॉग हायफन मोठा व्ही' ने व्हर्जन छापली जाते आणि खरी फाइल दिली की काम पडतं, असं दृश्य दिसू शकतं. आयव्हीएलवरही एलडीडी चालवा आणि त्याच्या डीएलएल त्याच्या शेजारीही ठेवा. थोडी जागा जाते, जाऊ दे.

आयकॅरसला आपलं लिब फोल्डर कुठे आहे ते विंडोजवर स्वतःच्या ईएक्सईच्या पत्त्यावरून कळतं: बिनमधून एक पायरी वर, मग लिब, मग आयव्हीएल. त्यामुळे अख्खं आयकॅरस फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर ठेवलं तरी चालतं, पण एकटी ईएक्सई उचलून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणली तर चालत नाही.

खरी चाचणी आपल्याच फाइलवर घ्या. चार बिटचा काउंटर लिहा, टेस्टबेंचमध्ये (त्याची चाचणी घेणाऱ्या कोडमध्ये) डॉलर-डम्पफाइल आणि डॉलर-डम्पव्हार्स टाका, आणि 'आयव्हेरिलॉग, हायफन जी२०१२, हायफन ओ, काउंटर डॉट व्हीव्हीपी' लिहून पुढे फाइलींची नावं द्या. जी२०१२ म्हणजे सिस्टमव्हेरिलॉगचं २०१२ चं मानक. ते न देता 'लॉजिक' वगैरे लिहिलं तर काही व्हर्जन कुरकुरतात. मग 'व्हीव्हीपी काउंटर डॉट व्हीव्हीपी'. निघालेली व्हीसीडी फाइल, जिच्यात सिग्नलचे बदल नोंदलेले असतात, ती जीटीकेवेव्ह या लहरी दाखवणाऱ्या टूलमध्ये उघडा. जीटीकेवेव्ह मात्र तयार पॅकेजच घ्या, ते बांधत बसू नका.

व्हीपीआयवाल्यांसाठी

सी फाइल लिहा आणि यूसीआरटी६४ च्याच खिडकीत 'आयव्हेरिलॉग-व्हीपीआय' ला तिचं नाव द्या, डॉट व्हीपीआय फाइल मिळेल. चालवताना व्हीव्हीपीला हायफन मोठा एम आणि डॉट, मग हायफन लहान एम आणि मॉड्यूलचं नाव. स्टार्टअप रूटीनच्या ॲरेचा शेवट शून्याने करायचा असतो. ते शून्य नसलं तर व्हीव्हीपी ॲरेच्या पलीकडे वाचत जातं आणि काही न बोलता पडतं. मॉड्यूल गडबडलं की मी पोरांना सगळ्यात आधी ते शून्य दाखवायला सांगते.

मिंगडब्ल्यू६४ मध्ये बांधलेलं मॉड्यूल यूसीआरटी६४ च्या सिम्युलेटरला देऊ नका. नट आणि बोल्ट सारख्याच मापाचे दिसतात, आटे वेगळे असतात. एका रनटाइमने उघडलेली फाइल किंवा घेतलेली मेमरी दुसऱ्याच्या हाती पडली की कधी चालतं, कधी नाही.

नंतर ताजं करताना गिट पुल आणि मेक बहुतेकदा पुरतं. कॉन्फिगर डॉट एसी बदललेली दिसली तर ऑटोकॉन्फपासून पुन्हा सुरू करा. 'गिट क्लीन, हायफन एफडीएक्स' ने फोल्डर लख्ख होतं, पण त्यात तुम्ही ठेवलेल्या स्वतःच्या टेस्टबेंचही जातात, म्हणून त्या बाहेर ठेवा. आणि मधल्या काळात पॅकमॅनने जीसीसी नवं केलं असेल तर नव्याने बांधल्यावर डीएलएलही नव्याने कॉपी करा.

लॅबच्या बाकीच्या मशीनवर एमसिस२ लागत नाही. आयकॅरस फोल्डर पेनड्राइव्हवरून सी ड्राइव्हवर टाका आणि पाथमध्ये त्याचं बिन जोडा. हे सेटएक्स कमांडने करू नका. ती १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर कापते, आणि एफपीजीएचं सॉफ्टवेअर असलेल्या मशीनवर पाथ तेवढा लांब सहज असतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकी उघडा, नवी ओळ टाका आणि 'मूव्ह अप' ने सगळ्यात वर न्या. मग नवा कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हेअर आयव्हेरिलॉग' आणि 'व्हेअर लिबएसटीडीसी++-६ डॉट डीएलएल' विचारा. दोन्हींच्या उत्तरात पहिली ओळ आपल्या फोल्डरची हवी. दुसऱ्या एखाद्या आयडीईसोबत आलेली जुनी डीएलएल वर असेल, तर 'एंट्री पॉइंट नॉट फाउंड' ची खिडकी उघडेल आणि पोरं तुम्हाला हाक मारतील.