पॉमला पिल्लं किती होणार? या चुका टाळा, मग मोजा

“किती होतील हो?” मेटिंग होऊन दोन दिवस झालेले नसतात, तोवर हा प्रश्न येतो. कुत्रीला दिवस गेलेत की नाही याचाच पत्ता नसतो. पण एक पिल्लू मावशीला द्यायचं, दोन विकायची आणि त्या पैशांतून फ्रिज बदलायचा, इथवर घरात ठरलेलं असतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! सांगलीत गेली वीस वर्षं मी पॉमेरेनियन सांभाळते आहे. नवे लोक त्याच त्या चुका करतात आणि रात्री दीड वाजता फोन मला करतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

शेजाऱ्याच्या कुत्रीवरून आकडा धरणं

आमच्या लहानपणी गल्लीत ज्याला सगळे पॉम म्हणायचे, तो पांढराशुभ्र, दणकट कुत्रा म्हणजे खरं तर इंडियन स्पिट्झ. त्याच्या एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज व्हायची. आज तुम्ही भरमसाट पैसे मोजून आणता तो दोन-तीन किलोंचा गोळा वेगळा. मूळचे पॉमही मोठेच होते. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्सहून लहान चणीचे पॉम आणले आणि मग लहान, अजून लहान अशी चढाओढ लागली. अंगच एवढंसं, तर पोटात जागा किती असणार? नॉर्वेत १०,८१० वेतांची मोजदाद झाली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. सगळ्या जातींची सरासरी ५.४ पिल्लं आली; पॉमेरेनियनची २.४. टॉय पूडलबरोबर ही शेवटून पहिली. तेव्हा दोन झाली तर तुमची कुत्री कमी पडली नाही. तीन झाली तर पेढे वाटा.

नर बदलून आकडा वाढत नाही. स्त्रीबीजं किती सुटणार हे मादीच्या अंगात ठरतं, वय वाढलं की तीही कमी होतात. “आमच्या नराला कायम चार होतात” असं सांगणाऱ्या नरवाल्याला नमस्कार करून पुढे जा. त्याच्या नराचं वीर्य चांगलं आहे का आणि ब्रुसेलाची, म्हणजे मेटिंगमधून पसरणाऱ्या आणि गर्भ पाडणाऱ्या रोगाची, तपासणी झाली आहे का, एवढं विचारा. आणि नर मादीपेक्षा मोठा नको, कृपा करा.

सोनोग्राफीत दिसलं तेवढंच धरून चालणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गुंडी माझी तिसरी पॉम. अडीच किलोंची, पहिलंच वेत. एकोणतिसाव्या दिवशी सोनोग्राफी केली, पडद्यावर दोन ठोके धडधडताना दिसले. डॉक्टर म्हणाले, पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढून घ्या. मी मनात म्हटलं, दोन ठोके डोळ्यांनी पाहिलेत, आता आणखी खर्च कशाला? शिवाय उन्हाळा, रिक्षातून पोटुशी कुत्री न्यायची. शहाणपण माझंच.

रात्री साडेअकराला पहिलं पिल्लू झालं, सव्वा वाजता दुसरं. दोन्ही ठणठणीत. गुंडीने दोघांना चाटून-पुसून घेतलं, वार खाल्ली, पाणी प्यायली आणि झोपली. मीही चहा करून घेतला, सगळ्यांना मेसेज टाकले आणि आडवी झाले. सकाळी ती जेवली नाही. मला वाटलं, दमली असेल. दुपारी अंग तापलं, पिल्लांना जवळ घेईना. संध्याकाळी दवाखान्यात एक्स-रे काढला तर आत तिसरं, आडवं अडकलेलं, कधीच गेलेलं. ऑपरेशन झालं, गर्भपिशवी काढावी लागली. गुंडी वाचली. दोन पिल्लांना तीन आठवडे दर दोन-तीन तासांनी मी बाटलीने दूध पाजलं.

सोनोग्राफी वाईट नाही. पंचविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवसानंतर दिवस गेलेत का आणि ठोके चालू आहेत का, हे तीच सांगते. आकडा मात्र तिचा धरायचा नाही. एखादं मागे लपतं, एखादं दोनदा मोजलं जातं आणि सुरुवातीला दिसलेलं एखादं पोटातच जिरूनही जातं. पिल्लांची हाडं एक्स-रेत दिसू लागतात साधारण पंचेचाळिसाव्या दिवसानंतर, नीट मोजता येतात पंचावन्नाव्यानंतर. आधी कवट्या मोजायच्या, मग मणके. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. शेवटच्या दिवसांतल्या एका एक्स-रेने पिल्लांना काही होत नाही, ही भीती सोडा.

एकच कवटी दिसली तर जास्त सावध राहा. बाळंतपण सुरू व्हायचा इशारा पिल्लांकडून येतो. एकट्याचा इशारा कमी पडतो. मग दिवस उलटतात, पिल्लू आतच वाढत राहतं आणि मोठं डोकं बाहेर येत नाही. अशा वेळी सिझेरियनचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. रविवारी कोण भेटेल, रात्री कोण, हे मी कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावते.

मेटिंगपासून त्रेसष्ट दिवस मोजत बसणं

त्रेसष्ट दिवस हे बीज सुटल्यापासूनचे. वीर्य मादीच्या अंगात आठवडाभरसुद्धा टिकतं, बीज पिकायला दोन दिवस घेतं. त्यामुळे मेटिंगपासून मोजलं तर सत्तावन्नाव्या दिवशीही व्याईल नाहीतर बहात्तराव्या. “नऊ महिने नऊ दिवस”सारखा हा आकडा पाठ करून काही उपयोग नाही. हीटच्या, म्हणजे मादी माजावर असण्याच्या, दिवसांत रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासून घेतलं तर बीज कधी सुटलं ते कळतं आणि तारीख एक-दोन दिवसांच्या आत बसते. आमच्याकडे लोक नरवाल्याला हजारो रुपये देतात, तपासणीला मात्र हात आखडतो.

तपासणी केली नसेल तर थर्मामीटर. मेटिंगच्या पंचावन्नाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप घ्या, वहीत लिहा. एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइट असणारा आकडा ९९ च्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. ही घसरण काही तासांचीच असते. दिवसातून एकदाच पाहणाऱ्यांची ती हमखास हुकते आणि मग थर्मामीटरला शिव्या बसतात.

कॅल्शियम

यावर मी भांडते, आणि भांडत राहणार.

आमच्या मागच्या गल्लीत एक तरुण जोडपं आहे. कुत्रीला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर त्यांनी कॅल्शियमचं सिरप सुरू केलं. “पिल्लांची हाडं बनतात ना काकू.” मी नको म्हटलं, त्यांनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला. चार पिल्लं झाली, पॉमला चार! सगळी धष्टपुष्ट. कॅल्शियमचा विजय म्हणून मला फोटो आला. विसाव्या दिवशी रात्री दोनला फोन: “काकू, ती थरथरतेय, थंडी वाजतेय, आम्ही ब्लँकेटमध्ये गुंडाळलंय.” मी आधी ब्लँकेट काढायला लावलं. दवाखान्यात ताप भरला १०६! पाय लाकडासारखे ताठ, तोंडातून लाळ, श्वास धपापत होता. डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश सोडलं, कारण घाई केली तर हृदयच थांबू शकतं. पंधरा-वीस मिनिटांत थरथर ओसरली.

कॅल्शियम पाजूनही कॅल्शियम कमी कसं पडलं, हे त्या पोराला पटेना. सोपं आहे. हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडण्याचं काम गळ्यातल्या इवल्याशा ग्रंथी करतात. रोज बाहेरून आयतं मिळालं की त्या सुस्तावतात. मग दूध जोरात सुरू झालं, चार तोंडं ओढायला लागली, की मागणी एकदम वाढते आणि ग्रंथी जाग्या होईपर्यंत कुत्री आडवी होते. लहान जातीत पिल्लं जास्त झाली की हा धोका मोठा. पोटुशी असताना सिरप नाही, पावडर नाही, डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय काही नाही. पिल्लं झाल्यावर पहिले तीन-चार आठवडे अस्वस्थपणा, धापा, ताठ चाल यांतलं काही दिसलं तर पिल्लं बाजूला करा आणि निघा. सकाळची वाट बघू नका.

खाणं म्हणाल तर पहिला महिना नेहमीएवढंच. पाचव्या आठवड्यानंतर पिल्लांसाठीचं चांगलं खाद्य, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. पोट दाबलं गेल्यावर एका वेळी जास्त जात नाही आणि एवढ्याशा कुत्रीची साखर पटकन उतरते. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तिला देऊ नका. त्यातले बेदाणे-मनुका कुत्र्याची किडनी घालवू शकतात. हे सांगितल्यावर एक आजी माझ्यावर रुसल्या होत्या.

कळांचं इंजेक्शन घरी देणं

“कंपाउंडर ओळखीचा आहे, ऑक्सिटोसिन मारून जातो.” पिल्लू अडकलेलं असेल तर हे इंजेक्शन बंद दारावर धक्के मारतं. पिशवी फाटू शकते, पिल्लं गुदमरतात. आत काय अडलंय हे पाहिल्याशिवाय सुई नाही, ओळख कितीही जुनी असो.

निघायचं कधी? वीस-तीस मिनिटं जोराच्या कळा आणि पिल्लू नाही, किंवा दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त खंड आणि आत अजून आहे हे माहीत आहे. पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवा स्राव दिसला तर एक मिनिटही थांबू नका. वार सुटली आहे. पिल्लू झाल्यावर तोच हिरवा रंग साधा असतो.

बाकीचं भराभर. पाहुणे बोलावू नका. घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबतात. दिवाळीत बाळंतपण येईल असा हीटचा हिशोब दिसला तर ती हीट सोडा, फटाक्यांत व्यायला लावू नका. गुडघ्याची वाटी सरकणारी मादी लावू नका. दीड वर्षाच्या आतली तर नाहीच. २०१७ च्या केंद्राच्या नियमांतही अठरा महिने लिहिलेत, ब्रीडरची नोंदणीही सांगितली आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. पाजणारे प्रेमानेच पाजतात, पण थंड पोटात दूध पचत नाही. आधी ऊब द्यायची, पोटाशी धरून नाहीतर टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून, तीही हळूहळू. तोंडात बोट घातल्यावर आतून गरम लागलं की मग दूध. माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पहिले पंधरा दिवस पिठापेक्षा पिल्लंच जास्त बसतात, रोज सकाळी, एकाच वेळी. वजन एक दिवस थांबलं तर मी लक्ष ठेवते, उतरलं तर डॉक्टरांना फोन करते.