'फेअर' या विशेषणाचा अर्थ कसा लावावा

सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात एकाच हंगामात 'फेअर' हा इंग्रजी शब्द दोन कागदांवरून येतो. उसाच्या बिलावर तो 'एफआरपी'च्या ('फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस', म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा दर) पहिल्या अक्षरात असतो, आणि हमीभाव केंद्रावर सोयाबीन घालायला गेले की 'एफएक्यू ('फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी') दर्जाचा माल' या अटीतल्या पहिल्या अक्षरात असतो. अक्षर तेच, शब्द तोच. मात्र उसाच्या कागदावर त्याचा अर्थ 'रास्त' आहे आणि सोयाबीनच्या कागदावर 'बऱ्यापैकी'. इंग्रजी कागदांचे मराठी करून देण्याचे काम मी येथे अनेक वर्षे करत आहे, आणि या एका विशेषणाने जितक्या वेळा हात थांबवायला लावला तितक्या वेळा क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाने लावला असेल. जे हे काम शिकू इच्छितात त्यांच्यासाठी त्याचा अर्थ लावण्याची पद्धत पुढे देत आहे.

आरंभी सारख्या दिसणाऱ्या शब्दांना बाजूला करावे. एसटीच्या तिकिटाचे 'फेअर' म्हणजे भाडे, आणि पुस्तकांचे किंवा कृषिमालाचे 'फेअर' म्हणजे जत्रा किंवा प्रदर्शन. देवनागरीत हे तिन्ही एकसारखेच लिहिले जातात. पण भाड्याचा शब्द 'प्रवास करणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून आला आहे, जत्रेचा शब्द लॅटिनमधल्या सणाच्या दिवसाला म्हणायच्या शब्दापासून आला आहे, आणि आपल्या विशेषणाशी दोघांचेही नाते नाही.

त्यानंतर शब्दाचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा, कारण आजचे सगळे अर्थ त्यातूनच उलगडतात. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, हा शब्द 'सुंदर, मनाला प्रसन्न करणारा' या अर्थाने वापरला जात असे. गॉथिक या जुन्या भाषेतला त्याचा सोयरा 'योग्य, जुळणारा' असा अर्थ सांगतो, म्हणजे मुळात कल्पना असावी ती नीट बसणाऱ्या गोष्टीची. सौंदर्यापासून निघालेला हा शब्द निरभ्र हवामानाला लागला, उजळ वर्णाला लागला, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास 'पक्षपात न करणारा, न्याय्य' या अर्थालाही लागला. 'मध्यम, चालण्याजोगा' हा अर्थ त्यानंतर बऱ्याच काळाने रूढ झाला. सर्वांत सुंदर वस्तूला लावायचा शब्द अखेर मधल्या प्रतीच्या मालावर आला, ही उतरण मराठी वाचकाला परकी वाटू नये. आपल्या संतांच्या अभंगांत विठ्ठल 'बरवा' आहे, म्हणजे सुंदर आहे. आणि त्याच घराण्यातला 'बरा' आज आपण कशासाठी वापरतो? 'पेपर कसा गेला' या प्रश्नाला मुलाने 'बरा गेला' असे उत्तर दिले, की आई-वडील काळजीत पडतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कागदात 'फेअर' दिसला की पहिला प्रश्न हा विचारावा की येथे त्याच्या विरुद्ध शब्द कोणता असेल. खेळात त्याच्या समोर 'फाऊल' उभा असतो, म्हणून तेथे 'नियमाला धरून'. हवामानात समोर पाऊस किंवा वादळ असते, म्हणून 'उघडीप' किंवा 'निरभ्र'. शाळेत समोर 'रफ' वही असते, म्हणून 'फेअर' ती स्वच्छ प्रत. आपल्याकडे कच्चा खर्डा आणि पक्की प्रत ही जोडी याच कामासाठी आहे आणि ती मला अधिक आवडते. व्यवहारात समोर अन्याय किंवा लूट असते, म्हणून 'रास्त', 'वाजवी' किंवा 'उचित'. आणि जेथे समोर एक शब्द नसून वर 'उत्तम' आणि खाली 'वाईट' अशा पायऱ्या असतात, तेथे 'फेअर' ही मधली पायरी असते.

ही मधली पायरी मी एकदा चुकलो आहे. नात्यातल्या एका काकूंच्या दवाखान्याच्या कागदावर प्रकृतीविषयी 'फेअर' असे लिहिले होते, आणि मी ते घरच्यांना 'चांगली' असे सांगितले. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावले की हा शेरा 'गुड'च्या एक पायरी खालचा आहे, आणि काकूंना अजून जपावे लागेल. तेव्हापासून वैद्यकीय कागदावर मी 'साधारण बरी' असेच लिहितो.

दुसरा प्रश्न शेजारच्या शब्दाविषयी असतो, आणि येथे एफआरपीचे उदाहरण फार शिकवणारे आहे. उसाला पूर्वी किमान वैधानिक दर असे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ साली दुरुस्ती झाली आणि २००९-१० च्या हंगामापासून त्या जागी 'रास्त आणि किफायतशीर दर' आला. पहिला दर ९.५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे १२९ रुपये ८४ पैसे होता. २०२४-२५ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला ३४० रुपये ठरला. मूळ इंग्रजीत दोन विशेषणे शेजारी आहेत, याचा अर्थ दोघांची कामे वेगळी आहेत. दुसऱ्याचे काम शेतकऱ्याच्या पदरात काही उरावे हे सांगण्याचे आहे, आणि २००९ च्या दुरुस्तीत जोखीम व नफ्यापोटी वाजवी वाढावा धरण्याची तरतूद त्यासाठीच आली. पहिल्याचे काम दर न्यायाला धरून असावा हे सांगण्याचे आहे. म्हणून 'फेअर'चे भाषांतर 'परवडणारा' असे करू नये. खरे तर 'किफायतशीर' हा शब्दही जपून वापरावा लागतो, कारण बाजारात गिऱ्हाईक तोच शब्द 'स्वस्त' या अर्थाने वापरते, आणि ऊस स्वस्त असावा असे या आदेशाला म्हणायचे नाही. त्याच आदेशात दर ठरवताना ग्राहकाला साखर 'फेअर' किमतीत मिळावी हेही पाहायचे असते. एकाच कलमात हा शब्द उसाच्या फडातल्या माणसाची आणि चहात साखर घालणाऱ्या माणसाची अशी दोन्ही बाजू सांभाळतो, आणि हे दोन्हीकडचे तोलणे 'रास्त' या शब्दातच नीट उतरते. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'सरळ, खरा' असा आहे. ऊस दिल्यावर १४ दिवसांत पैसे न मिळाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज मागण्याचा हक्क ज्या दराला आहे, त्याला 'बरा दर' म्हणणे म्हणजे शेतकऱ्याचा हक्क शब्दातच कमी करणे होय.

'रास्त भाव दुकाना'चेही असेच आहे. बोलताना सगळे त्याला रेशन दुकान म्हणतात, आणि अनेक पाट्यांवर 'स्वस्त धान्य दुकान' असेही लिहिलेले असते. कायद्यातला शब्द मात्र किंमत स्वस्त असल्याचे नव्हे, तर रास्त असल्याचे सांगतो. कायदेशीर मजकुरात 'रास्त भाव' हेच ठेवावे.

याउलट 'एफएक्यू'मध्ये न्यायाचा प्रश्नच येत नाही. कराड, वाळवा, शिराळ्याकडचा शेतकरी सोयाबीन घेऊन जातो तेव्हा तेथे ओलावा मोजतात, आणि नेहमीची मर्यादा १२ टक्क्यांची असते. काडीकचरा, डागी आणि फुटका दाणा पाहतात. माल निवडक नसला तरी चालतो, पण टाकाऊ नसावा, एवढेच 'फेअर'ला येथे सांगायचे आहे. 'रास्त सरासरी दर्जा' असे लिहिले तर वाचणारा गोंधळतो. 'बऱ्यापैकी सरासरी प्रतीचा माल' असे लिहिले की आडत्यालाही कळते आणि शेतकऱ्यालाही.

वर्णाच्या बाबतीत मजकूर कोणत्या काळातला आहे हे पाहावे. जुन्या इंग्रजी लेखनात स्त्रीला 'फेअर' म्हटले असेल तर बहुधा 'सुंदर' असा अर्थ घ्यावा. आजच्या विवाहविषयक जाहिरातीत त्याचा अर्थ 'गोरी' एवढाच असतो. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातून २०२० मध्ये 'फेअर' काढून टाकण्यात आला तो याच अर्थामुळे. इंग्रजीने सौंदर्य आणि गोरेपणा एका शब्दात बांधले, आणि आपणही 'गोरागोमटा' म्हणून ती गाठ मारलेलीच आहे. तरीही आपला विठ्ठल सावळा असूनच बरवा आहे, म्हणून भाषांतर करताना ही गाठ सोडवून जे म्हणायचे असेल तेवढेच एक लिहावे.

शेवटी असेही काही प्रसंग येतात की जेथे या विशेषणाला मराठीत स्वतंत्र शब्द देऊच नये. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या सदनिकेच्या भाडेकरारात इंग्रजी कलम असते, की भाडेकरूने जागा होती तशी परत करावी, 'फेअर' झीज वगळून. येथे 'रास्त झीज' किंवा 'उचित झीज' असे लिहिले तर घरमालक आणि भाडेकरू दोघेही बुचकळ्यात पडतात. 'नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून' असे लिहावे, म्हणजे भिंतीचा उडालेला रंग कोणाच्या खात्यावर आणि फुटलेले बेसिन कोणाच्या, हे दोघांनाही विचारावे लागत नाही.