पोटाच्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचाय? सही सगळ्यात शेवटी

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. गेली काही वर्षं पोटाने त्यांना पार जेरीस आणलंय. एक आठवडा पोट साफ होत नाही, पुढच्या आठवड्यात दिवसातून चार वेळा धावावं लागतं. एका दवाखान्यात त्यांना सांगितलं, नवीन औषधाची चाचणी चालू आहे, इथं अंगठा द्या. कागद मराठीत. अक्का आमच्याशी मराठी बोलतात, पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांसारखी त्यांची घरची भाषा तेलुगू, आणि वाचता कुठलीच येत नाही. "डॉक्टर म्हणाले की ओ, चांगलंच असेल," म्हणून त्या अंगठा द्यायला निघाल्या होत्या. मी कागद घरी आणायला लावला.

माझा चाचण्यांना विरोध नाही, उलट माणसं पुढे आली नाहीत तर औषधं येणार कुठून? लहान मुलांच्या जुलाबांवरची आपली रोटाव्हॅक लस दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथल्या ६,७९९ बाळांच्या चाचणीतून सिद्ध झाली. त्या आईबापांनी होकार दिला म्हणून २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली. पण होकार समजून दिलेला हवा.

आधी नंबर मागा

औषधाच्या प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करणं २००९ पासून सक्तीचं आहे. नोंदीला 'सीटीआरआय/वर्ष/महिना/क्रमांक' असा नंबर असतो. तो विचारायला संकोच करू नका. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, तेव्हा घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. औषध कोणतं, किती माणसं घेणार, कोणत्या दवाखान्यात, भरती चालू आहे की संपली, सगळं तिथं दिसतं. स्वतःहून चाचणी शोधायची असेल तरी हीच जागा. आजाराचं इंग्रजी नाव टाकून शोधा. सोलापुरात नसेल तर पुणे किंवा हैदराबाद निघेल, मग महिन्यातून किती खेपा झेपतील ते आधीच मोजा.

नंबर नाही, किंवा भाग घ्यायला पैसे मागतात, तर तिथून उठा.

संमतीपत्र घरी आणा

औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. सोलापुरात याचा अर्थ मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, यातली तुमची जी असेल ती. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार सगळं बोलणं होईपर्यंत शेजारी बसला पाहिजे. अक्कांसाठी मी बसले. डॉक्टरीणबाईंनी एकेक परिच्छेद वाचला, अक्कांच्या सुनेने तो तेलुगूत सांगितला. दीड तास गेला. "म्हणजे मला नुसती खडूची गोळीपण मिळंल?" हा अक्कांचा प्रश्न सगळ्यात नेमका होता. होय, मिळू शकते. निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, असं पुष्कळ चाचण्यांत असतं. कोणाला काय मिळालं ते बहुतेक वेळा डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

आणखी काही गोष्टी विचाराच. आत्ता चालू असलेलं औषध बंद करावं लागेल का? दुर्बीण घालून आतडं तपासणार का, किती वेळा? येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळणार का? विड्यांची मजुरी हजारामागे मिळते, एक दिवस दवाखान्यात गेला तर तेवढी पानं तशीच राहतात. हे मागणं म्हणजे लोभ नव्हे. भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर कागदावर आहे का तेही बघा. या समितीत किमान सात जण असतात, त्यात एक कायद्याचा जाणकार आणि एक साधा नागरिक असावाच लागतो.

खरं सांगायचं, सगळं सांगायचं

गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर पोटाच्या अनेक चाचण्यांत घेत नाहीत, कारण त्याने आतड्यातले जिवाणू बदलतात. निवड व्हावी म्हणून ते लपवू नका. इसबगोल, त्रिफळा, मेडिकलमधून आणलेली गॅसची गोळी, हीसुद्धा औषधंच. "तंबाखू?" असं विचारल्यावर अक्का पटकन "नाही" म्हणाल्या. सकाळची मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखूच नव्हती!

मग सुरू होते वही. काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं होतं. 'जेवण' एवढं लिहून भागत नाही. दीड कडक भाकरी, दोन चमचे शेंगाचटणी, वाटीभर आमटी, असं लिहा. गड्ड्याच्या यात्रेत खाल्लेली भजी, एकादशीची साबुदाणा खिचडी, रोजाची सहेरी, सगळं येऊ द्या. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा साठवलेलं पाणी संपत आल्यावर पोट बिघडलं तर तेही नोंदवा. शौच कसं झालं ते सांगायला सात प्रकारांचा चित्रांचा तक्ता देतात. बोट ठेवायचं, शब्द शोधत बसायचं नाही.

नमुन्याची लाज अनेकांना वाटते. बैठ्या संडासात स्वच्छ कोरडा कागद पसरा, पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नका, झाकणाला असलेल्या चमच्याने थोडासा भाग डबीत घ्या, तारीख आणि वेळ लगेच लिहा. थंड ठेवायला सांगितलं असेल तर बर्फाची पिशवी आदल्या रात्रीच तयार हवी. श्वासाची तपासणी असेल तर आदल्या रात्री भाकरी आणि डाळी टाळून साधा भात खायला सांगतात. तो दिवस तेवढा पाळा.

मध्येच त्रास झाला तर

चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई हा तुमचा कायद्याने हक्क आहे. कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त गोळ्या एकाएकी टाकून देऊ नका, आधी फोन करा.

सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या. अक्कांनी ती रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलीय, आणि सुनेने चाचणीच्या डॉक्टरांचा नंबर खडूने मोठ्या आकड्यांत भिंतीवर लिहिलाय. रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं तर दोन्ही बरोबर न्यायचं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पोटात काय गेलंय ते कळेल.