पोलिसांना युनियन नाही, मग त्यांचं गाऱ्हाणं विधिमंडळात नेतं कोण?

रत्नागिरीत वकिली करता करता निवृत्त पोलिसांच्या एका छोट्या संघटनेची लिखापढी माझ्याकडे आली आणि ती राहिलीच. वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. लॉ कॉलेजची मुलं अधूनमधून विचारतात, ‘ताई, या कामात यायचं तर सुरुवात कुठून करायची?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पोलिसांचं गाऱ्हाणं आमदार-मंत्र्यांपर्यंत नेण्याचं हे जाहिरातीत न दिसणारं काम आहे, त्यामुळे कोणी शिकवतही नाही.

आधी कायदा नीट वाचा. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला पोलीस दलाचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. त्याखाली १९६६ चा पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) कायदा आला. सक्षम अधिकाऱ्याच्या स्पष्ट मंजुरीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेचं सदस्य होता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. राजकीय हेतूच्या सभेत भाषण तर करताच येत नाही. मोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद, २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे झालं वर्दीतल्या माणसाचं. तुमच्या-माझ्यासाठी १९२२ चा आणखी एक कायदा आहे, पोलिसांमध्ये अप्रीती चेतवण्याबद्दलचा. ‘ड्युटीवर जाऊ नका’ असं पत्रक काढलं तर बाहेरचा माणूसही त्यात अडकतो. म्हणून आमच्या कुठल्याही निवेदनात ‘काम बंद’ हे दोन शब्द नसतात. उत्साही कार्यकर्ते ते घालतात, मी खोडते.

‘मंजुरीशिवाय’ या शब्दावर मात्र बोट ठेवून थांबा. सगळीकडे दार बंद नाही. केरळात पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत, बिहारमध्ये आहेत. इंग्लंडमध्ये १९१८ आणि १९१९ च्या पोलीस संपांनंतर १९१९ च्या कायद्याने संप आणि युनियन दोन्ही बंद केली, पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन बसवून दिली, म्हणजे बोलायला अधिकृत जागा ठेवली. महाराष्ट्रातही कर्मचाऱ्यांची संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत शिपायांनी स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लावल्या, १८ तारखेला सरकारने संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना धरलं आणि शहरात दंगल उसळली. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका तेव्हा नायगावला होते. मीटिंगमध्ये कोणी आवाज चढवला की ते एवढंच म्हणतात, ‘८२ साल बघितलंय मी.’ त्यापुढे कोणी बोलत नाही. पोलिसांची संघटना म्हटलं की मंत्रालयातल्या फायलीला अजूनही घाम का फुटतो, ते तिथे शोधा.

तेव्हा नोकरीतल्या पोलिसाची सही कुठेच घ्यायची नाही. त्याचं नाव, बक्कल नंबर, ठाण्याचं नाव, व्हॉट्सॲपवरचा त्याचा मेसेजसुद्धा कागदात येता कामा नये. सही करायची ती निवृत्तांनी. घरच्या बायकांना पुढे करायचा मोह होतो, कारण बातमी चांगली होते. मी त्याला तयार नसते. मोर्चा संपल्यावर नवऱ्याला ठाण्यात काय ऐकावं लागतं, ते आमच्या घरात मी पाहिलंय.

आता मुख्य कसब. मागणी आली की ती कोणाच्या सहीने सुटते ते आधी ओळखायचं. बहुतेक नवखे इथेच वेळ घालवतात. सगळ्यांना ‘कायदा करा’ हवं असतं. कुडाळचे आमचे एक निवृत्त सहाय्यक फौजदार आहेत, ते हसतात, ‘कायदो कित्याक व्हयो? सायबान सही केल्यान की झाला!’ दहातल्या सात-आठ वेळा ते बरोबर असतात.

उदाहरण घ्या. कोकणातली कितीतरी मुलं मुंबई-ठाण्याच्या भरतीत लागतात. लग्न झालं, आई-वडील थकले, की गावाकडे यायचं असतं. शिपायाची भरती जिल्ह्याची किंवा आयुक्तालयाची, म्हणून मग आंतरजिल्हा बदली. स्वतःच्या विनंतीवर आलं की नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळाला जाते. सावंतवाडीचा मुलगा मुंबईत दहा वर्षं काढून सिंधुदुर्गात आला की कालच्या पोराच्या मागे उभा. यासाठी विधेयक नको, गृह विभागाचं आणि महासंचालक कार्यालयाचं धोरण बदलायला हवं. नैमित्तिक रजेचंही तसंच. शिपायापासून निरीक्षकापर्यंत १२ च्या २० रजा झाल्या, त्या २०२२ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने. पोलीस नाईक हे पद रद्द होऊन बढतीची एक पायरी कमी झाली, तीही शासन निर्णयानेच.

बदलीचा कालावधी मात्र कायद्यात आहे. २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. त्यानंतर २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २२ न हे कलम आलं. शिपाई-हवालदारांना एका नेमणुकीच्या ठिकाणी साधारण ५ वर्षं. कोणी मुदतीआधी हलवलं गेलं की लोक आमदाराकडे धावतात. खरं तर दाद मागायची जागा तिथे नाही, बदल्या ठरवणाऱ्या पोलीस आस्थापना मंडळापुढे आणि मग मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात आहे. उलट आठ तास ड्युटीची मागणी कायद्याच्या कलम २८ वर जाऊन आदळते, कारण तिथे पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर समजला जातो. तरीही २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे आयुक्त असताना देवनार ठाण्यात आठ तासांचा प्रयोग झाला, तो कलम न बदलता, नुसत्या पाळ्यांची मांडणी बदलून. पुढे महिला पोलिसांसाठीही आठ तास आले. म्हणजे कलम आडवं असलं तरी मनुष्यबळ असेल तर वाट निघते, आणि मनुष्यबळ हा बजेटचा प्रश्न, लेखाशीर्ष २०५५. हे चार आकडे पाठ करून ठेवा. पोलिसांचा महसुली खर्च अर्थसंकल्पात याच शीर्षाखाली सापडतो.

आणि काही मागण्यांना मंत्रालयाचीही गरज नसते. गणपतीत सगळं कोकण घरी येतं. त्या आठवड्यात कशेडी घाट, संगमेश्वर, हातखंब्याचा तिठा इथे आमचे लोक पावसात उभे. रेनकोटच्या आत घाम, बाहेर पाऊस, चतुर्थीला घरची आरती व्हिडिओ कॉलवर. त्यातल्या महिला शिपायांचा प्रश्न साधा होता: बारा तास हायवेवर उभं राहायचं, तर जायचं कुठे? त्या पाणीच पीत नसत. पेट्रोल पंपाचं शौचालय कुलूपबंद, नाहीतर जायच्या लायकीचं नाही. भरतीत ३० टक्के आरक्षण दिलं, पण बंदोबस्ताचा आराखडा आखताना ती गोष्ट कोणाच्या डोक्यातच आली नाही. हा विषय आम्ही जिल्हा नियोजन समितीकडे नेला, कारण फिरत्या शौचालयाचे पैसे तिथून निघू शकतात आणि पालकमंत्री तिथे अध्यक्ष असतात. काही ठिकाणी गाड्या आल्या, काही ठिकाणी कागदावरच आल्या. दरवर्षी श्रावण लागायच्या आधी पुन्हा पत्र द्यावं लागतं.

खरोखर कायद्याचा म्हणावा असा विषय एकच सांगते. पोलिसावर हल्ला झाला की जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ लागायचं. मूळ शिक्षा २ वर्षांपर्यंत, महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती करून ती ५ वर्षं केली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम १३२, आणि तिथे पुन्हा २ वर्षंच. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत, त्यामुळे केंद्राच्या कायद्यात राज्याला बदल करायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते. ही मागणी घेऊन आमदाराकडे जाताना त्यांचा चेहरा वाचा. आंदोलनात त्यांच्यावरच आणि त्यांच्या कार्यकर्त्यांवर ३५३ लागलेलं असतं. माझं मत विचाराल तर शिक्षा वाढवण्यापेक्षा खटले लवकर चालावेत. पण संघटनेत मी या मुद्द्यावर अल्पमतात आहे.

माहिती कशी गोळा करायची? माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून. ‘पोलिसांच्या समस्यांबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहाल तर काहीच येणार नाही. असं विचारा: अमुक तारखेला पूर्णगड, नाटे आणि बाणकोट या सागरी ठाण्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, गस्ती नौका चालवायला प्रशिक्षित कर्मचारी किती. २६/११ नंतर किनाऱ्यावर सागरी ठाणी वाढली, बोटी आल्या. पण जमिनीवरच्या भरतीतून आलेल्या मुलाला लाटेवर उभं करायचं, तर प्रशिक्षण, भत्ता, विमा या तिन्ही गोष्टी वेगळ्या मागाव्या लागतात. बोटींच्या हालचालींचा तपशील मात्र मागू नका. तो मिळणार नाही आणि मिळूही नये.

हातात आकडे आले की आमदारांसाठी एक पान करायचं. एकच. वर विषय, मग तीन ओळींत वस्तुस्थिती, मग संबंधित कलम किंवा शासन निर्णयाचा क्रमांक, शेवटी नेमकी मागणी. आमदार निवडतानाही फक्त आपल्या मतदारसंघाचा विचार करू नका. विधानपरिषदेत कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघाचे सदस्य असतात, त्यांच्याकडे गर्दी तुलनेने कमी आणि ऐकून घ्यायला वेळ जास्त. विरोधी पक्षाचा आमदार प्रश्न जोरात विचारतो, सत्ताधारी आमदार मंत्र्यांच्या केबिनमध्ये काम करून आणतो. दोघांनाही तेच पान द्या आणि दोघांना सांगूनही टाका. स्वीय सहाय्यकाला नमस्कार करायला विसरू नका, पान त्याच्याच फोल्डरमध्ये राहणार आहे.

सभागृहातली आयुधं वेगवेगळी. ताजी घटना असेल तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. आकडे वदवून घ्यायचे असतील तर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. तो ‘हे खरे आहे काय’ अशा पोटप्रश्नांत तोडून लिहितात. उत्तरं ठरलेली: ‘होय’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ आणि माझं लाडकं ‘हे अंशतः खरे आहे’. त्या ‘अंशतः’ वर आमचं अर्धं काम चालतं. कोणता अंश खरा, ते पुढच्या माहिती अर्जात विचारायचं. मंत्री सभागृहात ‘तपासून निर्णय घेऊ’ म्हणाले की तेही उतरवून ठेवा. आश्वासन समिती म्हणून एक समिती असते, तिच्याकडे अशा शब्दांचा हिशेब जातो. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं, मात्र चर्चेपुरतं. ते मंजूर होईल या भरवशावर कोणाला आशा लावू नका.

एक गोष्ट नव्यांना पटायला वेळ लागतो. सगळ्या मागण्या पुढे न्यायच्या नसतात. अमेरिकेत फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस ही संघटना १९१५ पासून आहे, वॉशिंग्टनमध्ये तिचं बस्तान आहे, निवृत्तिवेतनापासून शस्त्र बाळगण्यापर्यंतच्या कायद्यांमागे ती उभी राहते. त्यांचं संघटनकौशल्य शिकण्यासारखं. पण तिथल्याच मेरिलँड राज्याने पोलिसांना विभागीय चौकशीत खास संरक्षण देणारा कायदा १९७४ मध्ये देशात सर्वांत आधी केला आणि २०२१ मध्ये तो रद्दही केला, कारण बेशिस्त पोलिसावर कारवाईच होत नाही अशी लोकांची तक्रार होती. आमच्याकडेही पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पोलीस तक्रार प्राधिकरणाचे दात काढा, असं म्हणणारे येतात. मी तो कागद लिहीत नाही. वडीलही या बाबतीत माझ्या बाजूने आहेत, हे बरं.

पैशाचं स्पष्ट बोलते. या कामावर घर चालत नाही, माझी वकिली चालते म्हणून हे चालतं. पूर्णवेळ करायचं असेल तर लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात संशोधनाचं काम शोधा. दिल्लीत पीआरएस या कायदेमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, त्यात खासदारांबरोबर काम करायला मिळतं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग घेते, राज्यशास्त्राच्या विभागांतून त्यासाठी मुलं जातात. रत्नागिरीहून नागपूर म्हणजे राज्याचं दुसरं टोक, पण एकदा गॅलरीत बसून कामकाज बघाच. टीव्हीवर दिसतो तो गोंधळ. कंटाळवाणी दुपार, त्यात सरकणारी कागदपत्रं आणि चिठ्ठ्या, हे तिथेच दिसतं.

पावसाळी अधिवेशनाचा विषय असेल तर माहिती अर्ज एप्रिलमध्ये टाका. ३० दिवसांत उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर पहिलं अपील करायला मे उरतो. निवेदन स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘साहेबांना देतो, पोच कशाला?’ असं कारकून म्हणतोच. हसून तिथेच उभं राहायचं.