कांद्याच्या भावाचा आलेख: आडवा अक्ष, उभा अक्ष

आलेख समोर आला की नजर थेट रेघेवर जाते. त्याआधी दोन्ही अक्ष वाचा. आडव्यावर काय मोजलंय, उभ्यावर काय, कोणत्या एककात, आणि एका घराला किती? हे कळल्याशिवाय रेघ चढली की उतरली याला काही अर्थ नाही.

लासलगावच्या कांद्याच्या सरासरी भावाचा चौदा दिवसांचा आलेख काढायचा आहे असं धरू. समजा, सर्वांत कमी भाव १३२० आणि सर्वांत जास्त १७८० रुपये. भाव दिवसागणिक बदलतो, भावामुळे दिवस बदलत नाही; म्हणून दिवस आडव्या अक्षावर, भाव उभ्यावर. नुसतं ‘भाव’ लिहून भागत नाही, ‘रुपये प्रति क्विंटल’ लिहा. किलोचा भाव समजून वाचणारे निघतातच.

आता प्रमाण, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फरक ४६० रुपयांचा आणि कागदावर उभी जागा १० सेमी, म्हणजे सेमीला ४६ रुपये. पण ४६ घेऊ नका, ५० घ्या. मग आलेख कागदावरचं १ मिमीचं बारीक घर ५ रुपयांचं होतं. खाली १३००, वर १८००. भाव १५५५ असेल तर १३०० च्या वर २५५, म्हणजे पाच मोठी घरं आणि एक बारीक. आधी आडवं मोजून दिवसावर या, मग सरळ वर चढा.

आडव्या अक्षावर १ सेमीला एक दिवस. लिलाव बंद असलेल्या दिवसाचं घर मोकळं सोडायचं. ते गाळून पुढचा दिवस चिकटवला तर दोन दिवसांत झालेला बदल एका दिवसात झाल्यासारखा दिसतो आणि रेघ उगाच उभी होते. दोन बिंदूंना जोडणारी रेघ फक्त नजरेच्या सोयीसाठी असते. तिच्या मधल्या जागेवरून दुपारचा भाव काढता येत नाही.

उभा अक्ष शून्याऐवजी १३०० पासून सुरू केलाय, हे आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करून दाखवा. नाहीतर बघा काय होतं: १३२० चा बिंदू तळापासून ४ मिमीवर, १७८० चा ९६ मिमीवर. उंची चोवीसपट, भाव मात्र जेमतेम ३५ टक्क्यांनी वाढलेला! रेघेच्या आलेखात ही सूट चालते. स्तंभालेखात नाही, कारण तिथे स्तंभाची लांबी हीच किंमत असते. तो शून्यापासूनच हवा.

गंगापूर धरणाच्या आलेखात कधी दोन उभे अक्ष असतात, डावीकडे पाऊस मिलिमीटरमध्ये, उजवीकडे साठा टक्क्यांत. कोणती रेघ कोणत्या अक्षाची, हे आधी रंगावरून जुळवा. या दोन रेघा एकमेकींना जिथे छेदतात तिथे काहीही घडलेलं नसतं. एका अक्षाचं प्रमाण बदललं की तो छेदही सरकतो.