स्कॅटर चार्टमधले ठिपके एकाच रंगाचे का?

मुंबईत भाड्याचं घर शोधताना ५२ जागांची यादी एक्सेलमध्ये केली होती. ए कॉलममध्ये स्टेशनपासून चालत लागणारी मिनिटं, बी मध्ये भाडं, सी मध्ये लोकलची लाइन: वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. प्रत्येक जागेचा एक ठिपका दाखवणारा स्कॅटर चार्ट काढला तर बोरिवली, मुलुंड, चेंबूर सगळे एकाच निळ्या रंगात! प्रत्येक बिंदूला वेगळा रंग देणारा पर्याय निवडला, तर ५२ ठिपक्यांची नुसती रंगपंचमी झाली.

एक्सेल रंग देतं ते सिरीजला, म्हणजे चार्टमधल्या आकड्यांच्या एका गटाला. सी कॉलममधलं नाव त्याच्या गावीही नसतं. म्हणून डी, ई, एफ असे तीन कॉलम वाढवले आणि मथळ्यात तिन्ही लाइनींची नावं लिहिली. खाली इफ फॉर्म्युला: सी मधलं नाव मथळ्याशी जुळलं तर भाडं, नाहीतर एनए फंक्शन, म्हणजे ‘इथे माहिती नाही’ अशी खूण. मग कंट्रोल दाबून ए आणि डी ते एफ निवडले, पुन्हा स्कॅटर. तीन रंग, आणि कोणता रंग कोणत्या लाइनचा हे सांगणारा लेजंडही आपोआप.

आधी मी एनए ऐवजी रिकामी अवतरणचिन्हं ("") दिली होती. ते एक्सेलच्या लेखी मजकूर, म्हणून शून्यावर ठिपक्यांची रांग लागली. मुंबईत शून्य भाडं! एनए असलं की ठिपकाच उमटत नाही.

तरी हार्बरचे दोन ठिपके गायब. नावापुढे जास्तीची स्पेस होती. ट्रिम फंक्शनने ती काढली. प्रिंट काळी-पांढरी निघणार होती, म्हणून खुणाही बदलल्या: चौकोन, त्रिकोण, गोल.